मुलांच्या उन्हाळी शिबिरांत इंग्रजी शिकवायला परदेशी जाताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय २२, पदवी नुकतीच झाली आहे, इंग्रजी चांगलं आहे, पण शिकवण्याचा अनुभव शून्य. येत्या उन्हाळ्यात इटली किंवा स्पेनमधल्या मुलांच्या शिबिरांत इंग्रजी शिकवायला जायचं मनात आहे. प्रमाणपत्र लागतं का, मुलांची भाषा येत नसताना निभाव लागतो का, दिवस कसा जातो, पैसे सुटतात का आणि पुढे याचा काही उपयोग होतो का?

जरूर जा, पण लहान मुलं मनापासून आवडत असतील तरच. देश बघायची हौस शनिवार-रविवारी भागते. उरलेले पाच दिवस सकाळी नऊपासून संध्याकाळी पाचपर्यंत मुलं आणि मुलंच असतात. मी बरेच उन्हाळे या शिबिरांवर काढले. आधी शिकवणारी म्हणून, नंतर नव्यांची तयारी करून घेणारी म्हणून. काम अर्धवट टाकून परत गेलेले जे पाहिले, त्यांतल्या बहुतेकांचं इंग्रजी उत्तम होतं. दिवसभर मुलांच्या गराड्यात राहणं त्यांना सोसलं नाही.

कागदपत्रांचं आधी सांगते, कारण तिथे अडलं तर पुढच्या कशाचाच उपयोग नाही. तुमचा पासपोर्ट युरोपीय संघातल्या देशाचा असेल तर प्रश्न मिटला. नसेल, तर पर्यटक म्हणून राहण्याची परवानगी वेगळी आणि काम करण्याची परवानगी वेगळी, हे पक्कं ध्यानात ठेवा. शेंगेनच्या, म्हणजे आपसांत सीमातपासणी न ठेवणाऱ्या इटली-स्पेनसारख्या युरोपीय देशांच्या गटाच्या, अल्पमुदतीच्या व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, पण त्यात कामाचा हक्क आपोआप येत नाही. ‘सगळे असेच येतात, विमानतळावर फिरायला आलोय म्हणून सांगा’ असं एखाद्या शिबिरवाल्याने सुचवलं, तर त्याचा नाद सोडा. निस्तरावं लागतं ते तुम्हाला. दंड, परतीचं विमान आणि पुढच्या प्रत्येक व्हिसा अर्जावर त्याची सावली. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमांवर बाहेरच्या प्रवाशांच्या बोटांचे ठसे आणि चेहरा नोंदवणारी संगणकीय व्यवस्था टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे, त्यामुळे मुक्कामाचे दिवस मोजण्यात आता पूर्वीसारखी ढिलाई राहिलेली नाही.

बिनपगारी केलं तर ते काम धरत नाहीत, असाही एक समज आहे. तो धोक्याचा आहे. काही देश स्वयंसेवकांना वेगळा परवाना देतात, काही देशांत राहण्या-जेवणाच्या बदल्यात केलेलं कामसुद्धा कामच धरलं जातं. ब्रिटनमध्ये अभ्यागत म्हणून गेलेल्याला नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत ३० दिवसांपर्यंत स्वयंसेवा करता येते, पण उन्हाळी भाषाशाळेत पगारी वर्ग घेता येत नाहीत. म्हणून ज्या देशात जायचं, त्याच्या वकिलातीला ईमेलने विचारा आणि उत्तर छापून जवळ ठेवा. शिबिराकडूनही लेखी घ्या: तुम्हाला कोणत्या व्हिसावर बोलावतात आणि त्यासाठी लागणारी कागदपत्रं ते देतात का. ज्यांनी परदेशी शिक्षक आधी बोलावलेले असतात, ते दोन ओळींत उत्तर देतात. टाळाटाळ झाली की समजायचं.

इटली-स्पेनचं जमलं नाही तर इतर वाटा आहेत. अमेरिकेत जे-१ या देवाणघेवाणीच्या व्हिसात कॅम्प कौन्सेलर, म्हणजे शिबिरात मुलांना सांभाळणारा, असा स्वतंत्र प्रकार आहे. वय किमान १८, मुदत जास्तीत जास्त चार महिने. मात्र तिथली बहुतेक मुलं घरात इंग्रजीच बोलणारी, त्यामुळे शिकवायचं असतं पोहणं, नाटक, तिरंदाजी, रानातली भटकंती. दक्षिण कोरियात सुट्टीतली इंग्रजी शिबिरं भरपूर, पण तिथला भाषाशिक्षकांचा ई-२ व्हिसा मुख्यतः ठरावीक सात इंग्रजीभाषक देशांच्या नागरिकांना मिळतो. विद्यार्थ्यांसाठी आयसेक या जागतिक विद्यार्थी संघटनेचे सहा ते आठ आठवड्यांचे स्वयंसेवी प्रकल्प असतात, त्यांत मुलांना शिकवण्याचेही असतात. त्यासाठी शुल्क भरावं लागतं आणि विमानभाडं आपलं आपण पाहायचं.

‘नेटिव्ह स्पीकर हवेत’, म्हणजे इंग्रजी मातृभाषा असलेलेच हवेत, ही ओळ तुम्हाला जाहिरातींमध्ये वारंवार दिसेल. मला ती अन्यायाची वाटते, कारण आठ वर्षांच्या मुलाला इंग्रजी बोलतं करायला जन्म कुठे झाला याचा काही संबंध नसतो. उलट जो स्वतः दुसरी भाषा म्हणून इंग्रजी शिकलाय, त्याला मूल कुठे अडखळणार हे आधीच माहीत असतं. ती ओळ वाचून मागे फिरू नका. अर्जासोबत दोन मिनिटांचा व्हिडिओ जोडा. त्यात स्वतःची माहिती सांगत बसू नका, एक खेळ शिकवून दाखवा. कॅमेरा म्हणजे समोर बसलेलं मूल असं धरा, हातवारे करा, मोकळं हसा. उच्चार ओढूनताणून बदलायच्या भानगडीत पडू नका, स्पष्ट आणि सावकाश बोला. निवड करताना मी हेच पाहते.

आता मुख्य गोष्ट. ही मुलं सुट्टीवर आहेत. इटलीत शाळा जूनच्या पहिल्या पंधरवड्यात बंद होतात आणि सप्टेंबरच्या मध्याच्या सुमारास उघडतात. आईवडील दोघंही नोकरीला असतात, आजी-आजोबा सगळीकडे जवळ राहत नाहीत. तेव्हा तीन महिने मुलांचं करायचं काय, हा घराघरातला प्रश्न असतो आणि शिबिर हे त्याचं उत्तर. त्यात इंग्रजीही होत असेल तर सोन्याहून पिवळं. म्हणजे समोर बसलेलं मूल इंग्रजीच्या ओढीने आलेलं नसतं. नऊ महिने बाकावर बसून ते नुकतंच सुटलंय आणि त्याच शाळेच्या त्याच आवारात त्याला पुन्हा आणून सोडलंय. तुम्ही फळ्यावर क्रियापदाची रूपं लिहायला घेतलीत तर पहिल्या दहा मिनिटांत ते तुमच्या हातून जातं. त्याला खेळायचंय, धावायचंय, मित्र करायचेत. इंग्रजी त्या वाटेवर असलं पाहिजे, म्हणजे ती भाषा वापरल्याशिवाय खेळ पुढे जाणार नाही अशी मांडणी करायची. या कामातलं सगळं कसब तिथे आहे.

जवळून पाहू. सोमवार, सकाळचे साडेनऊ, सात-आठ वर्षांची बारा मुलं, शाळेचं अंगण. तुम्हाला ‘रेड लाइट, ग्रीन लाइट’ खेळायचंय. नवखा शिक्षक मुलांना गोल उभं करतो आणि नियम सांगू लागतो. इंग्रजीत, सावकाश, व्यवस्थित. दीड मिनिटात दोघं मातीत रेघोट्या ओढत असतात, एक जण कठड्यावर चढलेला असतो आणि एक मुलगी शेजारणीला विचारत असते की हा काय म्हणतोय. त्याऐवजी असं करा. काही न बोलता खडूने जमिनीवर रेघ मारा. रेघेवर स्वतः उभे राहा. सहकाऱ्याला समोरच्या भिंतीशी पाठमोरं उभं करा. तो ‘ग्रीन लाइट’ म्हणाला की तुम्ही चालायला लागा, ‘रेड लाइट’ म्हणून तो वळला की जागच्या जागी थिजा. पुढच्या खेपेला मुद्दाम तोल घालवा, पकडले जा, मान खाली घालून परत रेघेवर या. एव्हाना निम्मी मुलं तुमच्या शेजारी रेघेवर आलेली असतात, बोलवायचीसुद्धा गरज पडत नाही. दोन फेऱ्या अशाच होऊ द्या. मग एका मुलाला भिंतीशी पाठवा. आता सगळ्यांना पळवायचं आणि थांबवायचं त्याच्या हातात आहे, आणि त्यासाठी त्याच्याकडे साधन काय, तर इंग्रजीतले दोन शब्द. तो ते बेंबीच्या देठापासून ओरडतो. त्यानंतर ‘ग्रीन लाइट’च्या जागी ‘हॉप’, ‘क्रॉल’, ‘वॉक बॅकवर्ड्स’, ‘वॉक लाइक अ कॅट’ आणायचं. वीस मिनिटं संपतात तेव्हा मुलांनी अर्धा डझन क्रियापदं अंगाने शिकलेली असतात आणि वहीला हात लागलेला नसतो.

याला शास्त्राचाही आधार आहे. जेम्स ॲशर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात ‘टोटल फिजिकल रिस्पॉन्स’ ही पद्धत मांडली. सूचना ऐकायची, शरीराने पाळायची, बोलण्याची सक्ती करायची नाही. भरपूर ऐकून झालं की बोलणं मागून येतं. मोठ्यांच्या वर्गात या पद्धतीच्या मर्यादा लवकर दिसतात, पण दहा वर्षांखालच्या मुलांसाठी शिबिराच्या अंगणात याहून चांगलं काही माझ्या पाहण्यात नाही.

खेळ समजावताना ‘अंडरस्टँड?’ असं कधीही विचारू नका. सगळी मुलं हो म्हणतात. त्याऐवजी ‘शो मी द लाइन’, ‘हू इज द वुल्फ?’ असं विचारा, म्हणजे कोणाला कळलंय ते दिसतं. आणि खेळ सगळ्यात रंगात आला असताना थांबवा. मुलं ‘वन मोअर, वन मोअर’ करत मागे लागतात आणि दुसऱ्या दिवशी तोच खेळ नव्या शब्दांनिशी घेता येतो. कंटाळा येईपर्यंत ताणलेला खेळ मात्र आठवडाभरासाठी मेला म्हणून समजा.

गप्प बसणाऱ्या मुलांबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण नवे शिक्षक तिथेच खचतात. प्रत्येक गटात एखादं मूल असतं जे सोमवारपासून तोंडच उघडत नाही. एका शिबिरातली सहा वर्षांची मुलगी माझ्या डोळ्यांसमोर आहे. गाण्याच्या वेळी ओठ मिटलेले, खेळात सगळ्यात मागे, नाव विचारलं तर बुटांकडे नजर. तिच्या शिक्षकाने तिला बोलायला लावायचा नाद सोडला आणि एक काम दिलं: चेंडू ठेवायची जाळी सांभाळायची. खेळाआधी प्रत्येकाला चेंडू तीच देणार, खेळ संपला की तीच गोळा करणार. दोन दिवस ती मुकाट्याने चेंडू देत होती. प्रत्येक मूल तिच्यासमोर हात पुढे करून ‘कॅन आय हॅव अ बॉल, प्लीज?’ म्हणत होतं, म्हणजे ते वाक्य तिच्या कानावर दिवसातून किती वेळा पडलं असेल याचा विचार करा. गुरुवारी एका दांडगटाने जाळीत परस्पर हात घातला. तिने जाळी छातीशी धरली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, ‘नो! से प्लीज!’ तो शिक्षक शहाणा होता. त्याने टाळ्या वाजवल्या नाहीत, सगळ्यांना तिच्याकडे बघायला लावलं नाही. त्या मुलाकडे पाहून फक्त मान डोलावली, म्हणजे ती म्हणतेय ते कर. शुक्रवारी ती रांगेत उभी राहून भांडत होती, इंग्रजीत. ऐकत राहण्याचा हा काळ भाषा शिकण्यातलाच एक टप्पा असतो. त्या मुलाला जबाबदारी द्या, शेजारी बसवा, पण सगळ्यांसमोर ‘आता तू सांग’ असं म्हणू नका.

मुलांची भाषा येत नाही ही अडचण वाटते तेवढी मोठी नाही. उलट काही शिबिरं शिक्षकांना सांगतात की येत असली तरी येत नाही असं दाखवा, म्हणजे मुलांना इंग्रजीवाचून गत्यंतर राहत नाही. हे वर्गापुरतं मला पटतं. पण गुडघा फुटलेल्या मुलाला इंग्रजीत धीर देत बसणं हा दुष्टपणा आहे. कुठे दुखतंय, बाथरूमला जायचंय का, थांब, हळू, शाब्बास एवढं त्यांच्या भाषेत यायलाच हवं. इटलीत जाणार असाल तर ‘दोवे ति फा माले?’, ‘बान्यो?’, ‘अस्पेत्ता’, ‘पियानो’ आणि ‘ब्रावो’ तोंडपाठ करा. मुलीला ‘ब्रावा’ म्हणायचं. मुलं आपसांत त्यांच्या भाषेत बोलतात म्हणून रागावू नका, शिक्षाही करू नका. दोन मित्र सुट्टीत आपल्या भाषेत बोलणारच. इंग्रजी जिथे लागतं ती जागा तुम्ही निर्माण करायची: पाणी मागायला इंग्रजी, गट निवडायला इंग्रजी, गुण मिळाले का ते विचारायला इंग्रजी.

आतापर्यंत सांगितलं ते लहानांचं. बारा ते चौदा वयाच्या मुलांचं गणित पूर्ण वेगळं आहे. हातवाऱ्यांची गाणी त्यांच्यापुढे म्हणायला गेलात तर त्यांना तो स्वतःचा अपमान वाटतो आणि त्यांचं बरोबरच असतं. त्यांना काहीतरी बनवायला द्या. चौघांच्या गटात फोनवर तीन मिनिटांची फिल्म, शिबिराची बातमीपत्रिका, गावातल्या चौकाचा इंग्रजी नकाशा, शिक्षकांची मुलाखत. मुलाखत हमखास चालते, कारण तुम्ही कुठून आलात, तुमच्या वयाची मुलं तिथे काय करतात, तुम्हाला कोणी आवडतं का, हे त्यांना खरोखर जाणून घ्यायचं असतं. प्रश्न त्यांच्या मनातला असला की व्याकरण चुकलं तरी ते विचारतात. शिबिरांत गट बहुधा वयाप्रमाणे पाडतात, इंग्रजी किती येतं त्याप्रमाणे नाही. त्यामुळे भाषेच्या युरोपीय मोजपट्टीवर ए१ ला, म्हणजे अगदी पहिल्या पायरीवर असलेला मुलगा आणि बी१ ला, म्हणजे मधल्या पायरीवर पोहोचलेली मुलगी एकाच बाकावर येतात. फिल्मसारख्या कामात हे निभतं: एकाचं संवाद लिहिणं, दुसऱ्याचा कॅमेरा, तिसरा दोन वाक्यांचा खलनायक.

दुपार कठीण असते. जूनच्या अखेरीस उत्तर इटलीतल्या पो नदीच्या खोऱ्यात पारा ३५ अंशांवर जातो, मुलं जेवून आलेली असतात आणि शाळेच्या इमारतीत बहुधा एसी नसतो. तेव्हा सावलीतली कलाकुसर, पाण्याचे खेळ किंवा गोष्ट, एवढंच ठेवा. पाऊस आला तर काय, हे आदल्या रात्रीच ठरवलेलं असू द्या. साहित्यासाठी छपाईयंत्रावर विसंबू नका. स्वतःच्या पिशवीत मऊ चेंडू, खडू, फासे, कोरे पत्ते, चिकटपट्टी, दोरी आणि जाड मार्कर असला की आठवडा निघतो. मी आजही एवढंच घेऊन जाते.

आठवड्याच्या किंवा पंधरवड्याच्या शेवटी पालकांसमोर इंग्रजी कार्यक्रम असतो. गाणी, छोटं नाटुकलं, एखादा नाच. शिबिर चालवणाऱ्यांना त्याचं महत्त्व फार, कारण पालक पैसे देतात आणि त्यांना दिसतं ते एवढंच. इथे एक मोह होतो. बुधवारपासून सगळा वेळ पाठांतरात जातो, मुलं न समजलेली वाक्यं घोकतात आणि शिकणं तिथेच थांबतं. तसं होऊ देऊ नका. आठवडाभर जे खेळ खेळलात, तेच रंगमंचावर आणा. सोमवारपासून म्हटलेलं गाणं, फिल्ममधला प्रसंग, लाल-हिरव्या दिव्याच्या खेळात आईवडिलांना ओढून आणणारी मुलं. आपलं पोर वडिलांना इंग्रजीत ‘स्टॉप! गो बॅक!’ म्हणतंय, हे पाहणाऱ्या बापाचा चेहरा मी पुष्कळदा पाहिलाय आणि पाठ केलेल्या नाटकाला तो कधी तसा खुललेला दिसला नाही.

मुलांच्या सुरक्षिततेत मात्र कसलीही सवलत नाही. जाण्याआधी पोलिसांचा चारित्र्य दाखला लागतो. स्पेनमध्ये लहान मुलांसोबत काम करणाऱ्या प्रत्येकाला लैंगिक गुन्ह्यांच्या नोंदींत आपलं नाव नसल्याचा दाखला कायद्याने द्यावा लागतो आणि परदेशी व्यक्तीला आपल्या देशातलाही आणावा लागतो. इटलीतही २०१४ पासून नेमणूक करणाऱ्याला अशी खातरजमा करणं बंधनकारक आहे. या दाखल्यांवर बहुधा अपोस्टिल, म्हणजे १९६१ च्या हेग कराराप्रमाणे परदेशात चालणारा शिक्का, आणि अधिकृत भाषांतर लागतं. त्याला आठवडेच्या आठवडे जातात, म्हणून हिवाळ्यातच सुरुवात करा. एखादं शिबिर असला कोणताही दाखला मागत नसेल, तर तो त्यांचा मोकळेपणा समजू नका.

तिथे गेल्यावर: बंद खोलीत एका मुलासोबत एकटं राहायचं नाही, दार उघडं किंवा दुसरी मोठी व्यक्ती सोबत. प्रत्येक जागाबदलानंतर डोकी मोजायची, मोठ्याने. मुलांच्या ॲलर्जीची यादी पहिल्याच सकाळी मागून घ्यायची आणि औषध आपल्या मनाने द्यायचं नाही, साधी डोकेदुखीची गोळीसुद्धा. बाहेरची सहल असेल तर पाण्याच्या काठावर कोण, रांगेच्या शेवटी कोण, हे निघण्याआधी ठरलेलं हवं. मुलांचे फोटो स्वतःच्या समाजमाध्यमांवर टाकायचे नाहीत. २५ मे २०१८ पासून युरोपात माहितीसंरक्षणाचा कडक कायदा लागू आहे, पण कायदा नसता तरी दुसऱ्याच्या मुलाचा चेहरा आपण परस्पर जगाला दाखवू नये.

राहण्याची सोय इटलीतल्या दिवसाच्या शिबिरांत पुष्कळदा शिबिराला येणाऱ्या एखाद्या मुलाच्याच घरी असते. गाव बदललं की कुटुंब बदलतं. रविवारी बॅग घेऊन रेल्वेने पुढच्या गावी जायचं, स्टेशनवर अनोळखी माणसं हातात तुमच्या नावाचा कागद घेऊन उभी असतात आणि तासाभराने तुम्ही त्यांच्या जेवणाच्या टेबलावर असता. हा भाग फार सुंदर असतो, दमवणाराही असतो, कारण दिवसभर शिबिरात आणि संध्याकाळी घरातही तुम्ही ‘इंग्रजीवाले पाहुणे’च असता. घरातल्या मुलाला तुमच्याशी खेळायचं असतं, आईला गप्पा मारायच्या असतात. पहिल्याच दिवशी सौम्यपणे सांगून ठेवा की जेवणानंतर तासभर मी खोलीत उद्याची तयारी करते. कोणीही वाईट मानत नाही. काय खाता, काय खात नाही हे अर्जातच स्पष्ट लिहा, तिथे पोहोचल्यावर सांगितलं तर त्या घराची धांदल उडते. बॅग लहान ठेवा, इटलीतल्या छोट्या स्टेशनांवर जिने असतात. निवासी शिबिरात घर नसतं, मुलांच्याच इमारतीत राहायचं असतं आणि रात्रपाळीही येते. तिथे आठवड्याची सुट्टी किती आणि रात्री कोण जागं राहणार हे करारात पाहून घ्या.

प्रमाणपत्राचं थोडक्यात. इटली-स्पेनच्या पुष्कळ शिबिरांना ते सक्तीचं नसतं, सुरुवातीला ते स्वतःच काही दिवसांचं प्रशिक्षण देतात. ब्रिटनमधल्या ब्रिटिश कौन्सिलची मान्यता असलेल्या उन्हाळी शाळा मात्र मान्य पात्रता मागतात. पुढे शिकवण्यातच राहायचं असेल तर सेल्टा हे इंग्रजी शिकवण्याचं केंब्रिजचं प्रमाणपत्र करा. त्यात किमान १२० तासांचं शिक्षण असतं आणि सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवावं लागतं. पण ते मोठ्यांना शिकवण्यासाठीचं आहे आणि महाग आहे. एका उन्हाळ्यासाठी ते करू नका. त्याऐवजी जाण्याआधी महिनाभर ओळखीच्या पाच-सहा मुलांना गोळा करून रोज तासभर इंग्रजी खेळ घ्या. ऑनलाइन घेतलेल्या प्रमाणपत्रापेक्षा त्याने तुमची तयारी जास्त होईल, आणि ही कामं आपल्याला झेपतात का हेही विमानाचं तिकीट काढण्याआधी कळेल.

पैशांचं स्पष्ट सांगते: शिल्लक पडेल या हिशेबाने जाऊ नका. साधारण तीन प्रकार असतात. राहणं-जेवण देऊन हातखर्चाला थोडे पैसे, ठरलेला पगार, किंवा तुम्हीच शुल्क भरायचं. पगार असेल तर आठवड्याच्या आकड्यावर जाऊ नका, त्याला तासांनी भागा. वर्गाचे तास लिहिलेले असतात. सकाळची हजेरी, जेवणावरची देखरेख, कार्यक्रमाची तयारी आणि संध्याकाळची बैठक लिहिलेली नसते. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ या वर्षात २१ आणि त्यावरील वयासाठी किमान वेतन तासाला १२.२१ पौंड होतं आणि राहण्याची सोय देणाऱ्या मालकाला त्यापोटी किमान वेतनात दिवसाला १०.६६ पौंडांपर्यंतच धरता येत होतं. असे आकडे ज्या देशात जाल तिथले सरकारी संकेतस्थळावर बघा आणि करार त्यांच्याशी ताडून पाहा. शिवाय विचारा: प्रशिक्षणाचे पैसे पगारातून कापता का? दोन शिबिरांच्या मधल्या आठवड्यात राहायचं कुठे आणि खर्च कोणाचा? इटलीत १५ ऑगस्टच्या आसपास सगळा देश सुट्टीवर जातो, शिबिरं ओस पडतात, आणि त्या पंधरवड्याची सोय कराराबाहेर राहिलेली मी अनेकांच्या बाबतीत पाहिली आहे. ऐन हंगामात तेव्हा खोली मिळणंही अवघड आणि मिळाली तर महाग.

पुढच्या उपयोगाबद्दल. प्राथमिक शिक्षण, बालमानसशास्त्र, नाट्य, भाषाशिक्षण यांत जायचं असेल तर हा उन्हाळा अर्जात वजनाने बोलतो, पण त्यासाठी तो कागदावर आणावा लागतो. निघण्याआधी शिबिराच्या संचालकांकडून पत्र घ्या. त्यात मुलांचा वयोगट, गटातली संख्या, आठवड्याचे तास आणि तुम्ही स्वतः आखलेले उपक्रम नावानिशी असू द्या. ‘मनमिळाऊ आणि उत्साही’ एवढंच लिहिलेलं पत्र कोणी वाचत नाही. सप्टेंबरात शाळा उघडल्या की संचालकांना वेळ नसतो आणि ईमेलची उत्तरं येत नाहीत, तेव्हा पत्राचा मसुदा तुम्हीच शेवटच्या आठवड्यात करून द्या आणि सहीशिक्का घेऊनच गाव सोडा. अर्ज मात्र जानेवारी ते मार्चमध्येच करा. मे महिन्यातही जागा निघतात, पण तोवर व्हिसाला आणि दाखल्यांना लागणारा वेळ हातात उरलेला नसतो.